बर्फावरचा ठिपका

माऊसला हात लावण्याआधी काका उजवा तळवा पँटवर दोनदा पुसायचे. मग करंगळी टेबलावर टेकवायची, मनगट वर उचलायचं आणि काम सुरू. पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये त्यांनी आयुष्यभर साड्यांच्या किनारी फिल्मवर ट्रेस केल्या होत्या. फिल्मला हाताचा घाम लागला की साडीवर डाग उमटतो, म्हणून ही सवय. "अहो काका, हा माऊस आहे, फिल्म नाही," मी म्हणायचे. "हात तर तोच शे ना, ताई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, जुन्या कामाचा हात घेऊन नव्या कामात शिरलेला. मिलमधलं ट्रेसिंग कॉम्प्युटरवर गेलं, तेव्हा काका हट्टाने कॉम्प्युटर शिकले आणि आमच्या ऑफिसात आले. पर्वत पाटियाजवळ, कापड मार्केटच्या वर तिसऱ्या मजल्यावर. काम परदेशातल्या एका संग्रहालयाचं. जगाच्या पार उत्तरेला कुठलासा किनारा, वर्षातले कितीतरी महिने समुद्र गोठलेला. तिथले जुने फोटो आणि नकाशे आमच्याकडे यायचे. फोटोंवरचे डाग-ओरखडे काढायचे आणि नकाशांच्या पुसट रेघा पुन्हा ओढायच्या, हे काकांकडे. त्याखालची इंग्रजी माहिती टाइप करायची, हे माझ्याकडे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी घोळ घातला. एका नकाशात किनाऱ्याची रेघ मध्येच तुटली होती. पुढे बर्फ होता, जहाज गेलंच नाही, म्हणून नकाशा काढणाऱ्याने जागा मोकळी सोडलेली. काकांनी ती रेघ सुरेख वळण देऊन जोडून टाकली. वर दोन छोटी बेटंही काढली, नक्षी भरल्यासारखी.

"आ शुं कर्युं, काका?" शेठनी कपाळावर हात मारला.

"शेठ, रेघ खुल्ली राहिली तर रंग बाहेर जाईल ना!"

मी हसून हसून बेजार. शेठही हसले. बेटं पुसली गेली.

फोटोंच्या बाबतीत मात्र त्यांना तोड नव्हती. बुरशी, चिरा, माशी बसल्याचे ठिपके, सगळं निगुतीने काढायचे आणि प्रत्येक फोटो झाला की खुर्ची मागे सरकवून म्हणायचे, "लो, साफ!" दिवसातून वीस वेळा हे ऐकून माझं डोकं उठायचं. "काका, मनातल्या मनात साफ करा," असंही मी एकदा बोलले. माझं तोंड फटकळच आहे.

मग एका दुपारी काकांनी डबा उघडला नाही. मी विचारलं तर स्क्रीनकडे बोट दाखवलं.

दोन फोटो होते. पहिल्यात बर्फाचं मैदान, त्यावर दूर एक माणूस, सोबत कुत्र्यांची गाडी. दुसऱ्यात तोच माणूस कॅमेऱ्यासमोर उभा, केसाळ कोट, तोंडभर हसू. "छान आहेत की," मी म्हटलं.

"यांच्याआधीचा एक फोटो मागच्या आठवड्यात गेला. हीच जागा, हाच डोंगर. पार क्षितिजावर एक काळा ठिपका होता. मला वाटलं डाग. मी काढला." त्यांनी बोट स्क्रीनवर टेकवलं. "ताई, तो माणूस होता. चालत येत होता. मन्हा हाते माणूस पुसाई गया."

"अहो, पण हा काय हसतोय तुमच्यासमोर!"

"हा पोचला तो. येत होता तो कुठे गेला?"

मी म्हटलं, मूळ फोटो संग्रहालयाकडे असेलच. तेव्हा काकांनी मला माझ्याच टायपिंगची आठवण करून दिली. हे जुने फोटो काचेवर घेतलेले असायचे आणि कितीतरी फोटोंखाली मी लिहिलं होतं, मूळ काच फुटलेली. ही काचही फुटली असेल तर? आमच्याकडची प्रत तर काम पास झालं की पुसून टाकायचो.

काकांनी माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. चूक माझी, ठिपका माणूस होता, परत घाला. शेठनी ते वाचलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. "पाठवू नको. एक चूक कबूल केली की ते सगळं काम पुन्हा तपासतील. काम गेलं तर तुम्हा सगळ्यांना घरी बसवावं लागेल." शेठ वाईट माणूस नव्हता. मलाही घर होतं.

बाहेर आल्यावर काका उभेच होते. "पाठवलं," मी सांगितलं.

त्यानंतर रोज सकाळी भेस्तानहून येऊन ते आधी माझ्या टेबलाशी थांबायचे. "उत्तर?" "नाही, काका." कधी मी वैतागून म्हणायचे, "आलं की सांगेन ना! मोठी माणसं आहेत, वेळ लागतो." ते मान हलवायचे. "लो, साफ" बंद झालं होतं. आता प्रत्येक ठिपका मोठा करून बघायचे, मलाही बोलवायचे. "बघा बरं, हा डाग की माणूस?" काम निम्म्यावर आलं. शेठनी बरंच ऐकवलं, यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुढचा ठिपका मोठा केला. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

असं वर्षभर चाललं. एका सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले होते.

पुढे ते परदेशी काम आपोआपच संपलं. आता भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं, तेव्हा कुठे मी ते पत्र शोधलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर हजर! मूळ काच शाबूत आहे, आमच्या कपाटात आहे. ठिपका जागेवर आहे, आता फोटोही दुरुस्त केला आहे. इतक्या बारकाईने पाहणाऱ्या त्या गृहस्थांना आमचे आभार कळवा.

एका दिवसात आलं. मी टेबलावर डोकं टेकून रडले.

उत्तर छापून मी दुसऱ्या दिवशी भेस्तानला गेले. काकूंनी दार उघडलं, मला ओळखलं आणि पहिला प्रश्न तोच केला.

"ताई, उत्तर उनं का?"

मी वाचून दाखवलं, मराठीत सांगितलं. काकूंनी कागदाला हात लावला आणि डोळ्यांना पदर लावला. कागद इंग्रजीत होता, खाली माझ्या पत्राची तारीख होती. ती त्यांना वाचता आली नसती. मीच बोट ठेवून सांगितलं, की पत्र परवा पाठवलं. काका विचारत होते तेव्हा ते गेलेलंच नव्हतं.

काकूंनी कागदाची घडी घातली.

"मंग त्यास्ले का बरं नही सांगं, ताई?"

"घाबरले," मी म्हटलं. दुसरं कारण नव्हतंच.