जेवढं खरं, तेवढ्याचे आभार

आमच्या मंडळीतल्या मोठ्या बाई बसण्याआधी देवाचे आभार मानत. कुणी पोतं अंथरो, बाज ओढून देवो की नुसता दगड पुसून देवो, त्या आधी उभ्यानंच डोळे मिटत. "देवबापा, टेकायले जागा देल्ली, तुहे आभार." मग बसत. सुरुवातीला मला हसू येई. पुढे पुढे राग येऊ लागला.

मी नगरकडची. नवरा चंद्रपुरातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणून लग्नानंतर इकडे आले. मुलचेऱ्याच्या पलीकडे, जंगलातल्या गावांत आमची थोडी विश्वासी कुटुंबं होती. तिथल्या बायकांना भेटायला मोठ्या बाई जात आणि सोबतीला मला नेत. मुलचेऱ्यापर्यंत बस, पुढे मिळेल ते वाहन आणि शेवटी पायवाट. बाई विधवा, साठी ओलांडलेल्या, गुडघे कायम सुजलेले.

माझी मात्र वाटेवर आणि मुक्कामातही सतत कुरकुर. डास, चिखल, आडोशाला जायची पंचाईत. बाईंनी मला कधी गप्प बसवलं नाही. "डास चावून राह्यले, खरं हाय," त्या म्हणत. "पण कुडातून वारा बी येऊन राह्यला. एक खरं सांगतेस तं दुसरं बी सांग ना पोरी."

एका पावसाळ्यात आम्ही नाल्यापलीकडच्या एका गावात अडकलो. पूर चढला होता. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या घरातली मुलगी, सुनी, तापानं फणफणत होती. सकाळी तिला झटके येऊ लागले. बापानं आणि शेजाऱ्यांनी तिला बाजेवर घालून नाल्याच्या काठावर नेलं. पलीकडे रस्ता दिसत होता. फोन केल्यावर दवाखान्याची गाडीही येऊन थांबली होती. मधे लाल पाणी. दोघं तरणे गडी दोर घेऊन उतरले, पण धारेनं त्यांना परत काठावर फेकलं. सुनीची आई लेकीच्या कपाळावर ओला पदर ठेवत राहिली. पाणी उतरण्याची वाट बघता बघता, दुपारी, सुनी तिथेच गेली.

तिला पुरून आम्ही परतलो. आईनं कुणाशी न बोलता चूल पेटवली, कोरा चहा केला आणि पहिला कप बाईंपुढे धरला. बाईंनी कप घेतला, डोळे मिटले. आभाराचा शब्द मात्र आला नाही. मी त्यांच्याकडे टक लावून बघत होते. आता म्हणा, आता मानून दाखवा आभार, असं माझ्या मनात चाललं होतं. बाईंनी डोळे उघडले आणि तो चहा थेंबही न सांडता, सावकाश प्यायला.

पूर ओसरल्यावर परतीच्या वाटेवर मी त्यांना विचारलंच, "बाई, त्या दिवशी तुम्ही आभार मानले नाहीत."

त्या थांबल्या. "मानले. उशिरानं मानले. पोरगी गेली त्याचे नाई. त्याचे मी कधीच मानणार नाई, देवाले तसं तोंडावर सांगतलं. पण लेकीले मातीत ठेवून आलेली माय आपल्यासाठी चूल पेटवते. तो चहा गरम होता. जेवढं खरं हाय तेवढ्याचे आभार. त्याच्यापुढं मले बी काई समजत नाई."

मग चालता चालता त्यांनी सांगितलं. त्यांची स्वतःची लेकही लहानपणीच तापानं गेली होती. त्यानंतर त्या देवाशी बोलत नव्हत्या, अंगावर पाणी घेत नव्हत्या. शेवटी शेजारच्या एका बौद्ध बाईनं पितळी गुंडभर पाणी तापवलं आणि त्यांना धरून न्हाऊ घातलं. "पाणी पाठीवर पडलं अन् तोंडातून निंगालं, देवा, बरं वाटलं. मलेच शरम आली. लेक गेली अन् मले बरं काऊन वाटून राह्यलं? पण वाटलं ना. खोटं कसं बोलू?"

बाई गेल्या पुढच्याच उन्हाळ्यात. छातीत पाणी झालं होतं. शेवटच्या दिवसांत त्यांना आडवंही होता येत नव्हतं, बसूनच श्वास ओढावा लागे. मी देवाकडे त्यांच्यासाठी एक सोपं मरण मागितलं होतं. तेही मिळालं नाही.

चंद्रपूरच्या उन्हात कब्रस्तानातली माती दगडासारखी झाली होती. खणणाऱ्यांना वेळ लागत होता. पेटी कडुनिंबाच्या सावलीत ठेवली होती आणि मी शेजारी कोरडी उभी होते. ना प्रार्थना, ना अश्रू. पलीकडच्या घरातून एक म्हातारी काठी टेकत आली, माठातल्या पाण्यानं भरलेला गडवा तिनं माझ्या हातात दिला. "पी वो माय. ऊन लय हाय."

मी प्यायले. पाणी गार होतं.

तेवढं मी देवाला सांगितलं. रडू त्यानंतर आलं.