आयटिनररीत नसलेले पोहे

राजूर यायच्या आधीच आमची गाडी मुख्य रस्ता सोडून शेतातल्या कच्च्या वाटेला लागली. कशाला, ते मला माहीत नव्हतं. आणि टूर मॅनेजर मी होते.

"पोपटराव, अहो कुठं निघालात?"

"मालकांचा फोन आल्ता मॅडम. हितं हॉल्ट हाय म्हनले."

कुठल्या दिवशी कुठं जायचं, कुठं जेवायचं, याचा जो तक्ता असतो त्याला आम्ही आयटिनररी म्हणतो. ती मी स्वतःच्या हातांनी केली होती. नगरहून निघायचं, भंडारदरा बघायचं, पुढे नाशिकला दिल्लीची ट्रेन पकडायची. त्यात ही वाट नव्हती. मी ऑफिसला फोन लावला.

साहेब म्हणाले, "क्लायंट रिक्वेस्ट आहे हो. चहा घ्या नि निघा."

"क्लायंट तर मागं बसलेत, चिप्स खातायत. त्यांनी कुठं काय मागितलं?"

"ज्यानं बुकिंग केलं तो क्लायंट," असं म्हणून साहेबांनी फोन ठेवला. मला खरं तर राग आला होता, पण तो पोपटरावांवर काढून काय उपयोग?

बुकिंग केलं होतं काष्टीच्या एका बागायतदारानं. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांची मुलगी प्रतीक्षा बी.एस्सी. ॲग्री झाली आणि तिला एम.एस्सी.ला थेट कोइमतूरला ॲडमिशन मिळाली. कॉलेजातल्या दोन मैत्रिणी, रूथ आणि स्नेहल, आता वेगवेगळ्या वाटांनी जाणार होत्या. म्हणून वर्ग सुरू व्हायच्या आधी तिघींनी मिळून उत्तर भारत फिरायचं ठरवलं. अण्णांनी एका शब्दात होकार दिला, इतका पटकन की ऑफिसात आम्हालाच नवल वाटलं. अट एकच, बरोबर बाईमाणूस पाहिजे. ते बाईमाणूस म्हणजे मी.

गाडी एका नव्या बंगल्यासमोर थांबली. अंगण सारवलेलं होतं, दारात रांगोळी होती, खुर्च्या मांडलेल्या होत्या. कडक इस्त्रीतले चार पुरुष उठून उभे राहिले. "या, या पाव्हनं! वाट सापडली ना नीट?"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा होमस्टे! भंडारदऱ्याच्या बाजूला हल्ली घरोघरी होमस्टे निघालेत. नवीन जागा असली की मालक टूर मॅनेजरला बोलावतो, चहा-पाणी करतो, खोल्या दाखवतो. याला आम्ही साइट इन्स्पेक्शन म्हणतो. साहेबांनी मला न सांगता ठरवलं असणार, दुसरं काय! मग मी माझं काम सुरू केलं.

घरच्या काकूंना विचारलं, "बाथरूम किती आहेत?"

"आता बांधली की दोन नवीन. आतूनच हायेत."

"गरम पाणी?"

"सोलर बसवलाय ना ताई, लई मोठा."

"आणि स्वयंपाकाला बाई आहे की घरचंच कोणी?"

काकू हसल्या. "आत्तापर्यंत मीच. इथून पुढं जिचं घर ती बघंल."

हे काय उत्तर झालं? मला वाटलं, धंदा सुनेच्या नावावर करायचा असेल. मी मान डोलावली. "जागा चांगली आहे. पण पावसाळ्यात लाइट जाते का?" असंही विचारलं. घरमालकांनी इन्व्हर्टर दाखवला. माझ्या इतक्या चौकशीनं मंडळी जाम खूश दिसत होती. एवढी खुशी मला आजवर कुठल्याच होमस्टेवाल्यानं दाखवली नव्हती.

पोहे आले. स्नेहलनं लगेच बशी उचलली. प्रतीक्षा ट्रॅक पँटमध्ये, पायात बूट, मोबाईलवर डॅमचे फोटो बघत बसलेली. रूथ मात्र उठली. तिचे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, घरचं वळण कडक. अंगात पंजाबी ड्रेस, नीट घेतलेली ओढणी. "काकू, तुम्ही कशाला एकट्या?" म्हणत तिनं त्यांच्या हातातला ट्रे घेतला आणि सगळ्यांना चहा दिला.

इस्त्रीवाल्या पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं. आत दारात एक तरुण उभा होता, तो लाजून मागे सरकला. काकू आत गेल्या, करंडा घेऊन आल्या. मागोमाग नारळ आणि खण. रूथला त्यांनी पाटावर बसवलं. कुंकवाचं बोट तिच्या कपाळाजवळ गेलं तशी रूथ चटकन मागे झाली.

"काकू, आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्यात कुंकू लावत नाहीत." मग काकूंना वाईट वाटू नये म्हणून म्हणाली, "नारळ चालेल."

स्नेहलचा चमचा तोंडापाशीच थांबला.

घरमालक म्हणाले, "काष्टीच्या अण्णांची पोरगी ख्रिस्ती कशी?"

"अण्णांची मुलगी मी आहे," प्रतीक्षानं मोबाईल खाली ठेवला. "काय चाललंय हे?"

आणि मग सगळ्यांना एकदमच कळलं. मला सगळ्यांच्या शेवटी, कारण मी अजून सोलरमध्येच होते. हा होमस्टे नव्हता. हा बघण्याचा कार्यक्रम होता. मला ही मंडळी मुलीची आत्या समजली होती. आणि ओटी भरून पसंती कळवायची ती दुसऱ्याच पोरीला कळवली जात होती.

काकूंचा चेहरा पडला. "पोरीला म्हाईतच न्हाई? अहो, मग आमी काय घोडेगावच्या बाजारात बसलोय व्हय, जनावर फिरवून बघायला?" त्या नवऱ्यावरच उखडल्या. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

प्रतीक्षानं फोन लावला. स्पीकर नव्हता, पण अण्णांचा आवाज अंगणभर येत होता.

"अण्णा, तुम्ही मला फिरायला पाठवलं का दाखवायला?"

"तसं न्हाई गं बाळा. वाटंवरच हुतं म्हनून..."

"आणि कोइमतूर?"

"आगं, पोरगं चांगलंय. दिवाळीनंतर उरकून टाकू. शिकायचं काय, हितं जवळपास बी शिकता येतं की."

म्हणजे ही ट्रिप म्हणजे कोइमतूरच्या बदली दिलेला खाऊ होता. पोर पांढरीफटक पडली. तिनं फोन बंद केला. लगेच माझा वाजला. साहेब. "मॅडम, क्लायंट म्हणतात कार्यक्रम होत नसेल तर गाडी परत आणा."

मी गोंधळले. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण गाडीतल्या माणसाला एकीकडे आणि बुकिंगवाल्याला दुसरीकडे जायचंय, अशी पाळी कधी आली नव्हती. कुणाचं ऐकायचं? मी प्रतीक्षालाच विचारलं, "बाई, आता तूच सांग. नाशिक की काष्टी?"

मला वाटलं, नाशिक म्हणेल. चांगलं तणतणून म्हणेल. मी साहेबांशी भांडायची तयारीही केली.

"काष्टी," ती म्हणाली.

"अगं वेडी का तू?" स्नेहल ओरडली.

"दिल्ली बघून आले आणि घरात सुपारी फुटलेली असली तर? आधी अण्णांच्या तोंडावर बोलते. तुम्ही दोघी जा."

दोघी गेल्या नाहीत. रूथ फक्त म्हणाली, "दिल्ली कुठं पळून चाललीय?" नारळ काकूंनी तिच्याकडेच राहू दिला. आम्ही उलट्या फिरलो. अख्खा जिल्हा ओलांडून काष्टीला पोचलो.

अण्णा पडवीत बसले होते. मला वाटलं होतं माणूस गरजणार. पण मुलीला समोर बघून त्यांची नजरच वर उठेना.

प्रतीक्षा म्हणाली, "आता सांगा. का नको कोइमतूर?"

अण्णा उपरणं चुरगाळायला लागले. मग म्हणाले, "लई लांब हाय गं. मला तिथली भाषा येत न्हाई. तू आजारी पडली, तर मी तिथं यिऊन कुनाला काय सांगनार? कुठला दवाखाना, कुठली गाडी, काय बी ठावं न्हाई. हितं निदान..."

लग्नाचा एवढा घाट घातला तो या भीतीपोटी! मला त्यांचा रागही येत होता आणि कीवही. पोरीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज ठाम होता. "मग चला ना बघायला. मला तरी कुठं माहितीय?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, जाता येतंय का?"

आता या प्रश्नाचं उत्तर मला येत होतं. काष्टीहून दौंड जवळ, आणि दक्षिणेच्या ट्रेन दौंडवरूनच जातात. तिथेच पडवीत बसून मी दिल्ली-अमृतसर कॅन्सल केलं. हंपी, मदुराई आणि शेवटी कोइमतूर, प्रतीक्षाला होस्टेलवर सोडूनच परतायचं. तीन पॅक्सचे चार झाले. पॅक्स म्हणजे प्रवासी, आमच्या धंद्यात माणसाला असंच म्हणतात.

तीन मैत्रिणींच्या ट्रिपमध्ये एकीचा बाप, म्हणजे मजेचं मातेरं, असं मला वाटलं होतं. थोडं झालंही. हंपीत अण्णा मंदिरं सोडून केळीच्या बागा बघत बसले आणि पोरी वैतागल्या. पण कोइमतूरला होस्टेलच्या वॉचमनशी त्यांनी मराठीत भरपूर गप्पा मारल्या. तो तमिळमध्ये बोलत होता. दोघं माना डोलावत होते. दवाखाना कुठं ते त्यानं हातवारे करून सांगितलं आणि अण्णा स्वतः तिथवर चालत जाऊन आले. मग स्टेशनपासून होस्टेलपर्यंतची वाटही एकदा रिक्षानं, एकदा बसनं करून बघितली. त्यानंतरच त्यांनी मुलीची ट्रंक उचलून आत नेली.

परतीच्या ट्रेनमध्ये अण्णा खिडकीशी बसले. गाडी हलली आणि ते ढसाढसा रडायला लागले. रूथनं त्यांना पाणी दिलं. पोरगी मात्र फलाटावर हसत हात हलवत उभी होती.

डोळे पुसून ते मला म्हणाले, "पोरगी ऱ्हाईल मॅडम. आता माझंच बघा काय ते."

राजूरकडच्या त्या मंडळींना ते नंतर स्वतः जाऊन भेटले आणि काकूंच्या शिव्या खाऊन आले. साहेबांनी मला आयटिनररी बदलल्याबद्दल झापलं. त्यात काही गैर नाही.

तेव्हापासून शिकायला जाणाऱ्या मुलीची ट्रिप बुक करायला कुणी बाप आला, की मी एक सीट जास्तीची धरून ठेवते.