बॉयलरवरची उघडी चिप

वहिनींना चीड एकाच गोष्टीची होती: "मशीनला सगळं कळतं" म्हणणाऱ्या माणसांची. आणि नशीब बघा, नवरा नेमका त्यातलाच मिळाला.

त्यांचं अर्धं आयुष्य कंट्रोल बोर्ड बनवणाऱ्या एका लहानशा वर्कशॉपात गेलं. सगळे त्यांना चिपवाल्या वहिनीच म्हणायचे. तिथल्या म्हाताऱ्या सरांनी पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "हे बघ पोरी, मायक्रोप्रोसेसर जन्माला आला तो आकडेमोडीच्या यंत्रासाठी. तो म्हणजे नुसता आचारी. चूल वेगळी, भांडी वेगळी, कोठार वेगळं, सगळं बाहेरून जोडून द्यावं लागतं. मग कुणीतरी आचारी, चूल, भांडी, कोठार एकाच खोलीत कोंबलं. त्याचं नाव मायक्रोकंट्रोलर. म्हणून तो लिफ्टमध्ये मावतो, पंपात मावतो, कुठंही मावतो. पण त्याला कळत काही नाही हं! लिहून दिलंय तेवढं तो एकामागून एक करत जातो. लिहिलेलं पुसलं, की संपलं."

आणि पुसता यायचंच. त्या काळच्या चिपच्या पाठीवर काचेची बारीक खिडकी असायची. एका खास दिव्याखाली धरली, की आतला प्रोग्राम पुसला जायचा आणि नवा लिहिता यायचा. लिहून झालं, की खिडकीवर चंदेरी स्टिकर. कारण साधं ऊनसुद्धा तो प्रोग्राम हळूहळू पुसतं, आणि ट्यूबलाइटही पुसते, फक्त तिला वर्षं लागतात. वहिनींनी किती स्टिकर लावले असतील त्याला गणती नाही.

भाऊ, म्हणजे त्यांचे यजमान, एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलर सांभाळायचे. माणूस लाखात एक, पण स्वच्छतेचं वेड भारी. घरी बसल्या बसल्या गॅसची शेगडी खोलून पुसायचे, लेक हसायची. बॉयलर तर असा चकचकीत, की त्यात बघून दाढी करावी. त्यावरचा कंट्रोल बोर्ड वहिनींच्याच वर्कशॉपातला, याचा भाऊंना कोण अभिमान! पुढं वर्कशॉप बंद पडलं, सर गेले, मालकानं जुनी कपाटं भंगारात घातली. वहिनी काम सुटून घरी बसल्या तसा भाऊंनी धोशाच लावला, "अगं, एकदा येऊन बघ तरी तुझं लेकरू कसं ठेवलंय मी."

एका सकाळी वहिनी गेल्या. भाऊंनी त्यांना थेट पॅनलपुढं नेलं. पत्र्याच्या दाराच्या जागी काच बसवलेली, आत छान ट्यूबलाइट.

"पाहुणे आले की दाखवतो. चिपवर एक कळकट कागद चिकटला होता बघ, तो खरवडून काढला. आत काय सुंदर नक्षी निघाली! सोन्याच्या तारा गं, केसाएवढ्या."

वहिनींनी वाकून पाहिलं. चिपची खिडकी उघडी होती, आणि तिच्यावर पांढराशुभ्र उजेड पडत होता.

"अहो, हे कधी काढलंत?"

"झाली की वर्षं. का गं?"

"कप्पाळ माझं! रोज थोडी थोडी पुसली जातेय ती. अति तिथं माती म्हणतात ते काही उगाच नाही."

भाऊ हसले. "पुसली असती तर चालली असती का? सकाळपासून बघतेस ना, पंप लागतोय, आच कमी-जास्त होतेय."

"ते तर ती रोजच करते. पाणी फार खाली गेलं तर भोंगा वाजवून बर्नर बंद करायचा, हेही तिच्यात लिहिलंय. ते कधी करावं लागलंय?"

भाऊंनी आठवून पाहिलं. कधीच नाही. पाणी त्यांनी कधी कमी पडूच दिलं नव्हतं.

"मग ते लिहिलेलं राहिलंय की गेलंय, कुणाला ठाऊक? सेफ्टी व्हॉल्व्ह वाफेचा दाब बघतो, पाणी नाही बघत. कोरड्या बॉयलरला आच लागली तर तो फुटतो, आणि शेजारी कोण उभं असतं? तुम्ही!" वहिनींनी त्यांची बाही धरली. "मला तुम्ही घरी आलेले हवे आहात."

स्टिकर पुन्हा लावून उपयोग नव्हता, गेलेलं परत येत नाही. त्या प्रोग्रामची नक्कलही कुणाकडे उरली नव्हती. मग एकच उपाय: मुद्दाम पाणी उतरवून बघायचं. जेवणाच्या सुट्टीत भाऊंनी पंप बंद ठेवला, एक हात बर्नरच्या बटणावर धरला आणि बॉयलरमधलं पाणी बाहेर सोडू लागले. मॅनेजरही येऊन उभा राहिला. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीतलं पाणी खाली, खाली, लाल खुणेला आलं.

भोंगा वाजला आणि बर्नर बंद झाला.

"घ्या!" भाऊ ओरडले. "बाईसाहेब, मशीनला सगळं कळतं!"

मॅनेजर हसला. वहिनींना हायसं वाटलं, पण क्षणभरच. अर्धवट पुसलेली चिप थंड असताना नीट वाचते आणि तापली की चुकते, हे त्यांनी वर्कशॉपच्या टेबलावर पाहिलं होतं. आणि सुट्टी झाल्यापासून भाऊंनी पॅनलचं दार वारा लागायला उघडं ठेवलं होतं, म्हणजे चिप थंड होती.

"दार लावा. तापू द्या. पुन्हा एकदा."

"अगं, पुरे आता."

"माझी शपथ आहे."

भाऊंनी दार लावलं, पाणी भरलं, बॉयलर पेटवला, कामाची पाळी चालू दिली. दुपार कलल्यावर पॅनलला हात लावला तर चटका बसत होता. पुन्हा पंप बंद करून पाणी बाहेर सोडलं. नळीतलं पाणी लाल खुणेला आलं, खुणेच्या खाली गेलं. भोंगा नाही. आच तशीच घोंघावत होती.

"वाजेल," भाऊ म्हणाले. हात बटणावर होता, पण ते दाबेनात. "आत्ता वाजेल बघ."

"अहो, दाबा!"

पाणी नळीच्या बुडाशी टेकलं. वहिनी किंचाळल्या आणि भाऊंनी बटण दाबलं.

मॅनेजर घाम पुसत म्हणाला, "नवा बोर्ड मागवतो. पण यायला दिवस लागतील. तोवर भाऊ, जरा डोळ्यांत तेल घालून बघा. पहिल्यांदा तर वाजला होता ना? काम बंद ठेवणं मला परवडायचं नाही."

"मग बॉयलरशेजारी तुम्ही उभे राहा," वहिनी म्हणाल्या. मॅनेजर निघून गेला.

भाऊंनी ट्यूबलाइट काढली, पाणी भरलं आणि बॉयलर पेटवला. दुसरी नोकरी या वयात कोण देणार, एवढंच पुटपुटले. वहिनींनी एक स्टूल ओढलं आणि काचेच्या नळीसमोर बसल्या.

भाऊंनी हात बर्नरच्या बटणावर ठेवला. मग वहिनींकडे न बघता म्हणाले, "तू घरी जा. आपल्या पोरीला आपल्या दोघांतलं एक तरी उरायला..."

वहिनींनी ऐकलं, पण नळीवरची नजर काढली नाही.