गोटीराम पंचांची आडवी रेषा

बोनकोड्याचे गोटीराम कबड्डीचे पंच होते. तरुणपणी ते उजव्या कोपऱ्यात खेळत. गुडघा गेला, पण मैदान सुटेना, म्हणून त्यांनी शिट्टी हातात घेतली. आठवडाभर कंपनीत फिटरचं काम आणि रविवारी जिथे सामने असतील तिथे हजर. माणूस सरळ होता, आणि म्हणूनच ९४ सालच्या हिवाळ्यात उरणला जे झालं ते त्यांना फार लागलं.

पुतण्या कुंदन चढाई करताना पलीकडच्या बाजूची रेषा ओलांडून बाहेर गेला. सगळ्यांनी पाहिलं, गोटीरामांची शिट्टी मात्र वाजली नाही. चुन्याच्या त्या समोरून आडव्या दिसणाऱ्या रेषेच्या जागी त्यांना एकावर एक दोन फिकट पट्टे दिसत होते. पाय कुठे पडला तेच कळेना.

"पंचाने गावाची बाजू घेतली!" लोक ओरडले.

घरी ते जेवले नाहीत. बायको संध्या म्हणाली, "मी कदीपासून बघते. टीव्ही बघताना तुमी डोले बारीक करता. सांजच्याला कपाल धरून बसता. चला डॉक्टरकडं."

"मना खाडीतली होडी दिसते."

"होडी दिसते, पन तीत कोन बसलाय ते दिसतं का?"

गोटीराम डॉक्टरकडे जायला तयार झाले.

वाशीच्या डोळ्यांच्या डॉक्टर राजलक्ष्मी मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा होत्या.

"सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात का, भाऊ?"

"नाय. उभ्या ठळक हायेत, आडव्या पुसल्यासारख्या."

"सगळ्या एकाच शाईने, एकाच जाडीच्या छापल्यात."

गोटीरामांनी पुन्हा पाहिलं. विश्वासच बसेना.

डॉक्टरांनी आपल्या जेवणाच्या डब्यातली वाटी आणि चमचा काढून पालथे ठेवले. "वाटीची पाठ कुठूनही बघा, सारखीच गोल. डोळ्याची पुढची काच अशी असावी लागते. तुमची या चमच्याच्या पाठीसारखी आहे, एका दिशेने जास्त वळलेली. मग सगळा उजेड एका जागी जमत नाही. काही रेषा नीट दिसतात, काही पसरतात. याला दृष्टिवैषम्य म्हणतात. घाबरू नका, घडणच तशी आहे. सिलिंडरचा नंबर देते."

"सिलिंडर?" गोटीराम दचकले.

डॉक्टर खळखळून हसल्या. "गॅसचा नाही हो! एकाच दिशेने वळलेलं भिंग. डोळ्यात जिकडे वळण कमी पडतं तिकडेच ते भर घालतं. म्हणून फ्रेममध्ये ठरलेल्या कोनातच बसायला हवं."

चष्मा आला आणि घर तिरकं झालं. गोटीराम ओट्यावर पाय उचलून उचलून टाकू लागले.

"ओटा कलला वाटतं."

"ओटा हाय तिथंच हाय," संध्या म्हणाली. "सवय व्हायला थोडे दिस लागतील असं बाई बोलल्या ना?"

आठवड्याभरात ओटा सरळ झाला. कपाळ दुखायचंही थांबलं.

पण घणसोलीच्या सामन्यात त्यांनी सदऱ्याच्या टोकाने काचा खसाखसा पुसल्या, आणि मैदान पुन्हा अंधुक झालं. डोळे आणखी बिघडले, या धास्तीने त्यांनी शिट्टी जोडीदार सिताराम पंचांकडे दिली. दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्याने अंगठ्याने भिंग जरासं फिरवलं. "गोल फ्रेम हौसेनं घेतलीत, त्यात भिंग गरगर फिरतं. कोन बदलला की नंबर असून नसल्यासारखा." मग गोटीरामांनी चौकोनी फ्रेम करून घेतली. कुंदन म्हणाला, "काका, हेडमास्तर दिसता." त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

शिमग्याच्या सुमारास बोनकोड्याचा करंजाड्याशी सामना झाला. चढाया झाल्या, पकडी झाल्या, दोन्हीकडचे गडी पलीकडच्या रेषेवर घसरले. प्रत्येक वेळी शिट्टी जिथल्या तिथे वाजली. कुणी वाद घातला नाही. सामना संपल्यावर लोक कुंदनच्या उड्यांबद्दल बोलत होते, करंजाड्याच्या कोपरारक्षकाबद्दल बोलत होते. पंच कोण होता, याची कुणालाच आठवण नव्हती.

गोटीरामांना त्याचंच सुख वाटलं. त्यांनी चष्मा काढून मऊ फडक्याने अलगद पुसला आणि वडापावच्या गाडीशी जाऊन उभे राहिले. "दोन दे रं," ते म्हणाले, "आन मिरची चांगली तललेली बघून दे."