एकच घंटी वाजली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर असं की दुकानदार माझी यादी माझ्याकडूनच वाचून घेतो. चुकांची माफी असावी. कोणाकडे मागते तेही कळत नाही, कारण ही वही ट्रंकेत लुगड्यांखाली असते.

मुलगी विलायतेत नर्स. तिचं पहिलं बाळंतपण, आणि तिथे जवळचं माणूस नाही. तिचे वडील वारलेले, म्हणून माझ्या तिकिटाचे पैसे धाकट्या दिरांनी उसने दिले. सोबत विमानाची माहितीही दिली. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते, त्यामुळे माहिती भरपूर होती.

"वहिनी, वर लई हादरतं. एकदम खड्ड्यात पडल्यावानी हुतं. तुमी कोल्हारपातूर एसटीनं जाता तरी चिंच चघळता. तुमचं काळीज वरच ऱ्हायचं, अन् माझं पैसं बी."

सगळे हसले. मीही पदराआड हसले. उलट बोलायची मला सवय नाही.

विमानात मला वाटेकडेची जागा मिळाली. मांडीवर लेकीसाठी डिंकाच्या लाडवांचा डबा. खिडकीशी सुटातले एक गृहस्थ होते, पाचव्यांदा चाललेले. "बहनजी, थोडा हिलेगा. घबराना नहीं," असं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

जेवणानंतर विमान हलू लागलं. आधी बैलगाडीसारखं, मग दुष्काळी कामावर खडी पसरून ठेवलेल्या रस्त्यावरून एसटी जावी तसं. इतपत माझ्या ओळखीचं होतं. तेवढ्यात एकच घंटी वाजली. आमच्या एसटीत कंडक्टरने दोन घंट्या दिल्या की गाडी सुटते, एक दिली की थांबते. मला वाटलं, कोणाचं तरी गाव आलं. गृहस्थ उतरणार असतील म्हणून मी पट्टा सोडला, डबा उचलला आणि त्यांना वाट द्यायला उभी राहिले.

आणि विमान एकदम खाली गेलं.

डबा उघडला. लाडू चार रांगा पुढे पोचले. हवाईसुंदरीने मला खांदे धरून बसवलं आणि पट्टा आवळला. शेजारच्या गृहस्थांनी डोळे मिटून माझा हात घट्ट धरला होता. परक्या पुरुषाने हात धरायची माझी पहिलीच वेळ, पण त्यांची अवस्था बघून सोडवून घेणं बरं वाटलं नाही. मी त्यांना चिंच दिली. त्यांनी ती चिंचोक्यासकट गिळली.

मी प्रार्थना सुरू केली. मध्येच लेक दिसायची, मध्येच दीर. पैसे फिटायच्या आधी मी मेले, तर मातीला आलेल्या प्रत्येकाला ते सांगणार, "मी आधीच बोल्लो हुतो." तेवढ्यासाठी तरी पोचायला हवं होतं.

मग सगळं शांत झालं. लोक एकेक लाडू आणून देऊ लागले. एका गोऱ्या बाईने तर धुऊन आणला. तीन कमी भरले. त्यातला एक शेजारचे गृहस्थ खात होते.

लेकीच्या बाळंतपणाआधी दोन दिवस मी पोचले. नात झाली.

परत आल्यावर लेकीने पाठवलेल्या आणि माझ्या शिवणाच्या पैशांतून थोडं थोडं फेडत गेले. शेवटचे पैसे दिले तेव्हा दिरांनी नोटा दोनदा मोजल्या. मग हळूच विचारलं, "वहिनी, खरं सांगा, हादरलं का न्हाई?"

मी खाली बघून म्हटलं, "भावजी, तुमच्या पैशाला काही झालं नाही."

त्यांनी तिसऱ्यांदा मोजले. पुरे होते.