पाटलांचं पागोटं

टोमणा आणि सोंग यांतला फरक मला एका मंडईत, आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, कळला. पन्नासच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव नागभीडकडचं, धानाचं. दिवाळी झाली होती, लोंबीत दाणा भरत होता आणि बांधीतली, धानाच्या शेतातली, जमीन भेगाळली होती. शेवटचं एक पाणी मिळालं नाही तर वर्षभराचा भात जाणार होता. तलावात पाणी होतं, पण पाटलांनी तुडुम, म्हणजे पाणी सोडायचं दार, आपल्या उसासाठी बंद ठेवलं होतं.

आमच्या आत्याची जीभ विळ्यासारखी. पाटील तलावाच्या पाळीवर दिसताच तिने ऐकवलं, "ठेवा पाटील, पाणी जपून ठेवा. आमचा धान का, दवावरच पिकून राह्यला."

"मंग दवच पाजा त्याले, बाई," म्हणून पाटील चालते झाले. आत्याचं मन हलकं झालं, बांधी कोरडीच राहिली.

मंडईच्या दिवशी दुपारी दंडार, हा नाचगाण्यांचा नि सोंगांचा खेळ, असे. तिच्यात माझे वडील सोंगं घेत. पाटलाचं सोंग असलं की पागोटं खुद्द पाटलांकडून मागून आणायचं आणि खेळ संपला की सगळ्यांदेखत परत करायचं, ही गावची रीत. पाटलांनी हौसेने डोक्यावरचं नवं जरीचं पागोटं काढून दिलं. "रुबाब दिसला पाह्यजे," म्हणाले.

वडील ते घालून मधोमध बसले. पुढ्यात पाण्याची घागर. उन्हाने पाणी पिऊ नये म्हणून तिच्यावर छत्री धरली. सोंगातली बायको तहानेने कोसळली, तर तिला म्हणाले, "पाहून घे, किती गार हाय ते." लोक हसून लोटपोट झाले. सगळ्यांत मोठ्याने पाटील हसले, उपरण्याने डोळे पुसत.

खेळ संपला. वडिलांनी पागोटं उतरवून दोन्ही हातांनी पाटलांपुढे धरलं. पाटलांनी हसतच ते घेतलं आणि त्याच्याकडे बघता बघता त्यांचं हसू थांबलं. मला वाटलं, आता आमचं काही खरं नाही.

"सोंग बेस केलं," अखेर ते म्हणाले. "जा, तुडुम खोला."

आत्याचा तो उपरोध आणि वडिलांचं ते विडंबन, हे मी पुढे शिकले. पण स्वतःचंच पागोटं हौसेने देऊन स्वतःलाच पोट धरून हसणारा माणूस? त्याला काय म्हणतात ते पुस्तकात सापडलं, तरी माझं थक्क होणं अजून संपलेलं नाही.

पाटील उघड्या डोक्याने घरी गेले, पागोटं हातात धरून. आत्या त्यांच्या वाटेतच उभी होती. ती डोईवर पदर घेऊन बाजूला झाली.