सात मैलांवरची द्रौपदी

मुखेडहून उदगीरकडे जाणाऱ्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर आपल्या वाटेवरचा एकही दगड बिनपांडवाचा ठेवीत नसे. माळावर एकटाच धोंडा दिसला की तो भीमाच्या गोफणीतला. खडकात एक खळगा दिसला की तिथे भीमाने गुडघा टेकला. दोन खळगे दिसले की भीम चांगला ऐसपैस बसला होता. कंडक्टरचं खरं नाव त्याच्या तिकिटांच्या पेटीवर रंगवलेलं होतं, पण ते वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. सगळा रस्ता त्याला 'पांडव कंडक्टर' म्हणे आणि तोही खुशाल 'ओ' देई.

मी तेव्हा नवी शिक्षिका होते. खोली मुखेडात, शाळा याच रस्त्यावरच्या एका गावात, आणि विषय इतिहास. त्यातून आमच्या घरी धम्म घेतल्यापासून वडिलांची सक्त ताकीद होती, की दगडधोंड्यांपुढे हात जोडायचे नाहीत. तेव्हा माझं आणि कंडक्टरचं रोज वाजणार हे ठरलेलंच होतं.

"पांडव इथे आले होते याला पुरावा काय?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"बाई, न्हवते आले याचा पुरावा हाय का तुमच्यापाशी?"

"नाही."

"मंग फिट्टंफाट," असं म्हणून त्याने माझ्या हातात तिकीट ठेवलं.

वाटेत एका गावाबाहेर जुनं दगडी देऊळ होतं, त्याला कळस नव्हता. त्याच्या खालीच पायऱ्यांची बारव. देऊळ पांडवांनी एका रात्रीत बांधलं, पण कळस चढवायच्या आत कोंबडा आरवला आणि काम तसंच राहिलं, असं तो सांगे. मी म्हटलं, हे यादवांच्या काळातलं आहे, बांधायला वर्षं लागली असतील. त्यावर त्याने माझी समजूत घातली, "बाई, कोंबडा मुखेडचा हुता. मुखेडचे कोंबडे पयल्यापासूनच उतावीळ." पुढे डोंगरातली गुंफा आली, तेव्हा मात्र तो माझ्याकडे अदबीने वाकला. "ही तुमच्याकडची. हितं भिक्खू राहायचे." काल तर इथे नकुलाचे घोडे बांधले होते, याची मी आठवण दिली. तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "पांडव गेल्यावर जागा रिकामीच हुती की!"

या गाडीचा ड्रायव्हर शंकरनाना. कंडक्टर जितका बोलका, तितका हा मुका. वेळापत्रक म्हणजे त्याचा श्वास. थांबा नसेल तिथे माणूस आडवा पडला तरी तो गाडी वळवून नेईल, असं लोक म्हणत. मात्र रस्त्याच्या कडेला शेंदूर दिसला की ब्रेक लागलाच. स्टिअरिंगवरूनच नमस्कार करायचा आणि पुढे निघायचं.

त्या साली पाऊस रुसला होता. आमच्या रस्त्याचं पुढचं टोक नुकतंच नव्या लातूर जिल्ह्यात गेलं होतं. हद्द आली की कंडक्टर ओरडे, "नवा जिल्हा आला, पाय झाडून बसा!" पण जिल्हा नवा असला तरी विहिरी दोन्हीकडे सारख्याच कोरड्या होत्या. पाणी उरलं होतं ते त्या बारवेत. तिथून पुढे माळावर दहा-बारा घरांची एक वस्ती होती. तिथल्या बाया पहाटे रिकाम्या घागरी घेऊन बारवेवर चालत येत आणि भरलेल्या घागरी डोक्यावर घेऊन चालत परत जात. आमची गाडी त्यांच्या अंगावर धूळ उडवून रोज निघून जाई. बारवेपाशी त्या गाडीत बसू शकल्या असत्या, पण उतरणार कुठे? पुढचा थांबा वस्ती ओलांडून पार पलीकडे.

एके दिवशी एक म्हातारी रस्त्याच्या कडेला बसलेली दिसली. शेजारी घागर कलंडलेली आणि मातीत ओला डाग. कंडक्टरने दोरी ओढून घंटी दिली. नाना म्हणाला, "थांबा न्हाई," आणि गाडी पुढे गेली. त्या दिवशी गुंफा आली, गेली, कंडक्टर मागच्या काचेतून रस्त्याकडेच बघत राहिला.

सोमवारी वस्तीच्या फाट्यावर तो एकदम ओरडला, "नाना, ब्रेक! द्रौपदीचा विसावा!" पाहते तर रस्त्याकडेच्या एका बुटक्या दगडाला नखशिखांत शेंदूर. द्रौपदी बारवेतून पाणी घेऊन निघाली, दमली, या दगडावर तिने घागर टेकवली. इथे जी गाडी थांबत नाही, तिच्या रेडिएटरचं पाणी आटतं. ही सगळी कथा त्याने एका दमात सांगितली. नानाने दगडाकडे बघितलं, मग बराच वेळ कंडक्टरकडे बघितलं. मग गाडी थांबवून हात जोडले. तेवढ्यात कंडक्टरने बारवेवरून चढवून आणलेल्या पाच बाया घागरींसकट खाली उतरवल्या.

मला त्या दिवशी मिळालेल्या तिकिटावर केशरी अंगठा उमटला होता. आणि तो दगड मी ओळखला होता. निजामाच्या काळातला मैलाचा दगड! त्या दिवसापासून मी पुरावा मागणंच सोडून दिलं.

विसावा चांगला चार महिने चालला. बाया घागर मांडीवर घेऊन बसत, आणि कंडक्टर बजावत असे, "पदर झाका घागरीला, दचके लागत्यात लेकराला."

मग रस्त्याच्या कामावर एक ओव्हरसियर आले. जुने मैल उपटून, नव्या जिल्ह्याचं अंतर लिहिलेले दगड रोवायचे होते. आमची गाडी फाट्यावर पोचली तेव्हा मजूर पहार घेऊन उभा होता आणि वस्तीच्या बाया दगडाला वेढा घालून. दगड गेला की थांबा गेला, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"हा मैल आहे की देव?" ओव्हरसियर वैतागून म्हणाले. "देव असेल तर रस्ता हातभर वळवतो. मैल असेल तर उपटतो. बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगा."

"दगड जुना आहे," मी म्हणाले. हे काही खोटं नव्हतं.

कंडक्टर पुढे झाला. त्याने द्रौपदी सांगितली, घागर सांगितली, रेडिएटर सांगितला. ओव्हरसियरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ठीक. आता दगडावर हात ठेवून सांगा."

कंडक्टरचा हात निघाला आणि वाटेतच थांबला.

"साहेब, ह्यो मैलच हाय. शेंदूर मीच फासला," तो रडवेला होऊन म्हणाला. "पर हिच्यावर हात ठिवून खोटं बोलाया लावू नगा. द्रौपदी लई तापट!"

बाया कपाळाला हात लावून बसल्या. मजुराने पहार उचलली. तेवढ्यात केबिनचं दार वाजलं. शंकरनाना खाली उतरला, दगडापाशी गेला आणि सरळ त्यावर पंजा टेकवला.

"देव हाय. मी रोज थांबतो."

वेळापत्रकाचा हा माणूस खोटं बोलेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. ओव्हरसियरांनी वहीत 'देवस्थान' लिहिलं आणि पहार दुसरीकडे गेली.

गाडी सुरू झाल्यावर कंडक्टर केबिनपाशी जाऊन कुजबुजला, "नाना, खोटी शपथ घेतलाव की."

"निजामाच्या शाळंत चार वर्षं उर्दू शिकलोय मी. त्या दगडावर 'मुखेड, सात मील' लिवलंय. लहानपणापासून वाचतोय."

"मंग थांबत कशापायी हुता?"

"थांबायला कारण लागतंय. साहेबानं इचारलं तर काय सांगू, बाया दिसल्या म्हणून? देव म्हणल्यावर कुणी इचारत न्हाई."

"आन् नमस्कार?"

"आजपतोर खोटाच हुता," नाना गिअर टाकत म्हणाला. "आता शपथ घेतलीय. आता खरा करावा लागंल."

पुढे माझी बदली झाली. नाना गेला, काही वर्षांनी पांडव कंडक्टरही गेल्याचं कळलं. मी नांदेडला होते, मातीला जाता आलं नाही, ते अजून सलतं.

परवा त्या रस्त्याने जायचा योग आला. मशीनवर तिकिटं फाडणाऱ्या तरुण कंडक्टरबाईने आवाज दिला, "द्रौपदीचा विसावा कोण हाय?" माझं तिकीट उदगीरचं होतं, तरी मी उतरले. वस्तीत आता नळ आलेत. दगडाला सिमेंटचा ओटा आहे. मी हात जोडले नाहीत, वडिलांचा शब्द राखला. फक्त हातातली जड पिशवी ओट्यावर टेकवली आणि शेजारी बसले. मला पांडव कंडक्टरची फार आठवण आली.

ओटा झाडणाऱ्या आजीबाईंनी मला परकी समजून सगळी हकिकत सांगितली. द्रौपदी दमली, हितं बसली, आणि तिच्या मागोमाग सहाही पांडव आले.

"सहा?"

"हाव. पाच गदा-बाणवाले. आन् सहाव्याच्या हातात तिकिटाचा चिमटा."

मी पुरावा मागितला नाही. तो माझ्या घरीच आहे, इतिहासाच्या जुन्या पुस्तकात जपून ठेवलेलं केशरी अंगठ्याचं तिकीट.